एकदाचं ठरव, या हुकुमाला उत्तर

माजलगावात लिंगओळखीचा आणि लैंगिकतेचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. "ललित साळवेंचं आम्हाला पटलं. त्यांना पुरुष व्हायचं होतं, ते झाले. लग्न केलं, संसाराला लागले. पण ज्यांना बाईही आवडते आणि पुरुषही आवडतो, किंवा जे स्वतःला बाईही म्हणत नाहीत आणि पुरुषही म्हणत नाहीत, त्यांचं काय करायचं? त्यांनी एकदाचं ठरवावं, मग आम्ही आहोतच पाठीशी." असं म्हणणारी माणसं जुन्या वळणाची असतातच असं नाही. त्यांत शिक्षक असतात, वकील असतात, चळवळीत उमेदीची वर्षं घातलेले कार्यकर्ते असतात. आपण उदार आहोत असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा प्रतिवाद करायला हवा. कट्टर विरोधक उघड नकार देतो. इथे होकार मिळतो, पण अटीवर. आणि ती अट अशी आहे की काही माणसांना ती जन्मात पुरी करता येणार नाही.

आधी साळवे यांचं प्रकरण नीट आठवू. राजेगाव हे बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं गाव. तिथले ललित साळवे पोलिसांत भरती झाले ते महिला शिपाई म्हणून. माजलगावच्या ठाण्यात नेमणुकीला असताना, २०१७ साली, त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि नंतर पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहू द्यावं अशी विनंती केली. खात्याने नकार दिला. भरती महिलांच्या जागेवर झालेली, पुरुष शिपायाच्या उंची-वजनाचे निकष वेगळे, आणि असा अर्ज ज्यात बसेल असा नियमच नाही, असं खात्याचं म्हणणं. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. हा सेवेचा प्रश्न आहे, तेव्हा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जा, असं न्यायालयाने सांगितलं. अखेर मे २०१८ मध्ये सरकारने परवानगी दिली आणि २५ मे रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. २०२० मध्ये त्यांचं लग्न झालं, जानेवारी २०२४ मध्ये मुलगा झाला.

त्यांच्या लढ्याबद्दल मला आदर आहे. ज्या भागात पोरीने केस कापले तरी पारावर चर्चा होते, तिथे खाकी वर्दीत राहून वरिष्ठांना असा अर्ज लिहायला फार मोठं काळीज लागतं. त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं ते खरं होतं आणि ते मान्य व्हायलाच हवं होतं. माझा वाद आहे तो त्यांच्या गोष्टीतून लोकांनी काढलेल्या निष्कर्षाशी. तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याचं छापून आलं, तेव्हा "म्हणजे मुळातच पुरुष होते की" असं म्हणत लोक निश्चिंत झाले. पुढे शस्त्रक्रिया झाली, लग्न झालं, मुलगा झाला, आणि प्रत्येक पायरीवर समाजाचा जीव आणखी भांड्यात पडत गेला. पण खरोखर मान्य झालं ते काय? माणसाचा शब्द मान्य झाला नाही. रिपोर्ट मान्य झाला, ऑपरेशन मान्य झालं, लग्नपत्रिका मान्य झाली. एक माणूस एका रकान्यातून उठून दुसऱ्या रकान्यात बसला आणि रकाने होते तसे दोनच राहिले. ज्याच्याकडे असा रिपोर्ट नाही, ज्याला ऑपरेशन नको आहे, ज्याच्या लग्नाने काहीच सिद्ध होणार नाही, त्याच्या वाट्याला या उदारपणातलं काय येतं? "ठरव" हा एक शब्द.

हा शब्द सर्वांत जास्त ऐकावा लागतो तो दोन प्रकारच्या माणसांना. बायसेक्शुअल माणसाला एकाहून अधिक लिंगांच्या व्यक्तींचं आकर्षण वाटतं. नॉनबायनरी माणसाला ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ यांपैकी एका ओळखीत आपण पुरते मावतो असं वाटत नाही. जीव कोणावर जडतो हा पहिल्याचा प्रश्न आणि मी कोण हा दुसऱ्याचा. या दोन प्रश्नांची गल्लत करू नये. बायसेक्शुअल पुरुषाला आपण पुरुष असण्याबद्दल तिळमात्र शंका नसते. नॉनबायनरी माणसाला फक्त बायका आवडत असतील, फक्त पुरुष आवडत असतील, दोन्ही आवडत असतील किंवा कोणीच आवडत नसेल. तरीही मी दोघांचा विचार एकत्र करतो, कारण दोघांवर होणारे आरोप शब्दशः सारखे आहेत. हे वय आहे, जाईल. हिंमत नाही म्हणून अर्ध्यावर थांबलाय. दोन्हीकडचा फायदा हवाय. लक्ष वेधून घ्यायचंय. शहरातून आणलेलं खूळ आहे. हे आरोप एकमेकांशी तरी जुळतात का ते बघा. जो भित्रा आहे तो लक्ष वेधून घ्यायला कशाला जाईल? ज्याला दोन्हीकडचा फायदा मिळतो, त्याला दोन्हीकडच्या माणसांनी हाकलून का लावावं?

आता "एकदाचं" या मागणीत काय अडचण आहे ते सांगतो. ती माणसाच्या आयुष्यातला एक क्षण पकडते आणि त्या क्षणाचा निकाल जन्मभराला लावते. बायसेक्शुअल बाईने पुरुषाशी लग्न केलं की सगळे म्हणतात, बघा, ती आपल्यासारखीच होती. तीच बाई उद्या बाईबरोबर राहिली तर म्हणतात, बघा, ती तसलीच होती, इतके दिवस लपवत होती. दोन्ही वेळा ती तीच असते. तिच्या शेजारी कोण आहे एवढंच लोक बघतात आणि त्यावरून तिला बाद करतात. एकाच वेळी दोघांबरोबर राहून दाखवलं तरच लोक तिला बायसेक्शुअल मानतील, आणि तसं राहिली तर बदफैली म्हणतील. म्हणजे सिद्ध करण्याचा एकही मार्ग शिल्लक ठेवायचा नाही आणि वर पुरावा मागायचा.

नॉनबायनरी माणसाचंही असंच होतं. शर्ट-पँट घातली की पुरुष, कुडता-ओढणी घेतली की बाई. दाढी ठेवून कानात डूल घातले की नाटकी. जे अंगावर दिसतं त्यावरून निकाल लागतो, आणि निकाल लावणारा दोनच शब्द घेऊन बसलेला असतो. बायसेक्शुअल माणसाला जोडीदारावरून ओळखतात, नॉनबायनरी माणसाला अंगावरून. दोघांनाही स्वतःच्या तोंडून बोलू दिलं जात नाही. या दोन अनुभवांतलं खरं साम्य मला इथे दिसतं.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली आली. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण येतो. घरातला मुलगा तनय त्याच्यावर प्रेम करतो, बहीण अनुजाही करते. अर्धी कादंबरी तनय सांगतो, अर्धी अनुजा. त्या तरुणाला कादंबरीत नाव नाही आणि त्याची बाजू सांगणारा भागही नाही. कुंडलकरांनी ते जाणूनबुजून केलं आहे आणि कलाकृती म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. पण मराठी वाचकांनी पुढे या कादंबरीबद्दल जी चर्चा केली, तीत तनयचं समलिंगी प्रेम आलं, अनुजाचं बंड आलं, मध्यमवर्गीय घराची घुसमट आली. ज्याने दोघांवरही जीव लावला तो माणूस बायसेक्शुअल असेल, ही साधी शक्यता मी फारशी कोणाच्या बोलण्यात ऐकली नाही. त्याने दोघांना फसवलं, एवढंच बहुतेकांना दिसलं. फसवलं असेलही. पण फसवणारा माणूस त्याच्या आवडीमुळे फसवत नाही. एकाच लिंगाची आवड असलेल्या पुरुषांनीही बायकांना फसवल्याच्या कहाण्यांनी मराठी साहित्य भरलेलं आहे, आणि त्यावरून कोणी त्यांच्या आवडीला दोष दिलेला नाही.

काहीजण म्हणतात, विज्ञानाने सिद्ध करा. तेही करून झालं आहे. २००५ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी शरीराच्या प्रतिसादाची मोजमापं घेतली आणि बायसेक्शुअल पुरुष खरोखर असतात का याबद्दलच शंका उपस्थित केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या बातमीच्या मथळ्यात या पुरुषांपुढे तीनच पर्याय ठेवले होते, आणि त्यांतला तिसरा खोटारडेपणाचा होता. मग २०२० मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या आठ अभ्यासांची माहिती एकत्र करून नवा निबंध निघाला. पुरुषांमध्ये बायसेक्शुअल कल असतो याला भक्कम पुरावा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन्ही निबंधांच्या लेखकांत मायकेल बेली हे मानसशास्त्रज्ञ आहेत. ज्यांनी शंका घेतली त्यांनीच पुराव्यापुढे मत बदललं, हे शास्त्राला शोभणारं आहे. पण मधल्या पंधरा वर्षांत किती तरुणांनी तो मथळा वाचला असेल आणि आपण स्वतःशीच खोटं बोलतोय अशी खात्री करून घेतली असेल? आल्फ्रेड किन्सीने पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरचा ग्रंथ १९४८ साली छापला, तेव्हाच शून्य ते सहा अशी मोजपट्टी मांडून तो म्हणाला होता की माणसं दोन कप्प्यांत विभागलेली नसतात. जे तेव्हा छापून आलं होतं, ते आजही आपल्याकडे कोणी सांगितलं की त्याच्याकडे पुरावा मागतात.

दुसरा आक्षेप निसर्गाचा. "निसर्गाने दोनच केलेत, शरीर बघा, सगळं कळेल." हे वाक्य बीड जिल्ह्यात म्हणताना तरी माणसाने थोडं थांबावं. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात या जिल्ह्यात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. निसर्गाने केलेल्या दोनांतली एक आपण सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून पुसत होतो. निसर्गाचा हवाला द्यायचा तर तो आधी तिथे द्यायला हवा होता. आणि शरीरावरून सगळं कळतं म्हणता? २०१९ साली जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांची आरोग्य पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढून टाकलेलं आढळलं. त्या बाया आहेत की नाहीत, असा प्रश्न कोणाच्या मनात तरी येईल का? येऊ नये. त्या बाया आहेत, कारण त्या स्वतःला बाया म्हणून जाणतात आणि जगतात. एखादा अवयव असणं-नसणं हा बाईपणाचा निकष आपण तिथे लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग जो माणूस स्वतःला बाई म्हणूनही जाणत नाही आणि पुरुष म्हणूनही नाही, त्याच्या बाबतीत एकदम अवयव का आठवतात?

मला वाटतं, ठरवण्याचा आग्रह निसर्गातून आलेला नाही. आमच्या भागात तर तो पोटातून आलेला आहे. दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांत माणसं मोजली जातात ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला, हिशेब धरतो तो जोडीचा. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पोरांची लग्नं लवकर उरकायची घाई यातूनही येते, कारण लग्न म्हणजे पुरा कोयता. अशा घरात एखादं पोर म्हणालं की मला लग्न नको, मला बाईच्याही जागी बसता येत नाही आणि पुरुषाच्याही, तर आईबापांना त्यात आधी दिसते ती घटलेली उचल. मी त्या आईबापांना दोष देत नाही. पण गावातला शिकलेला, पगारदार माणूस जेव्हा हाच आग्रह "निसर्ग" आणि "संस्कृती" म्हणून मांडतो, तेव्हा त्याला दोष दिल्याशिवाय मला राहवत नाही. त्याच्या घरची चूल उचलीवर पेटत नाही.

संस्कृतीचं नाव घेतलंच आहे तर तेही बोलू. "हे सगळं मुंबई-पुण्यातून आलं." यल्लम्मा देवीचा जोगता आपल्या आजोबांनी मुंबई-पुण्यात पाहिला नव्हता. लुगडं नेसलेला, कपाळाला भंडारा लावलेला, हातात परडी घेतलेला तो माणूस गावोगावी दारात येत होता आणि आपल्याच आज्या त्याच्या पाया पडत होत्या. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरून २००९ साली ‘जोगवा’ चित्रपट आला तेव्हा शहरी प्रेक्षक हेलावला. खेड्यातल्या माणसाला त्यात नवं काही नव्हतं. जोगत्यांना सरसकट नॉनबायनरी म्हणावं असं माझं म्हणणं नाही. त्यांत देवाला सोडलेली पोरं होती, जटा आली म्हणून घराबाहेर काढलेली होती, निव्वळ दारिद्र्यापायी सोडलेली होती. ते आयुष्य भिक्षेचं आणि शोषणाचं होतं, त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण एवढं त्यातून नक्की दिसतं की दोन रकान्यांत न बसणारा माणूस आपल्या गावाला ठाऊक होता आणि त्याच्यासाठी गावाने जागाही ठेवली होती. मात्र देवीच्या नावाने. देवीने झाड धरलं म्हटलं की चालतं, मला असं वाटतं म्हटलं की चालत नाही. शहरातून जर काही नवं आलं असेल तर ते एवढंच, की परडी न घेता, कोणाच्या दारात हात न पसरता, नोकरी करत, भाड्याची खोली घेऊन, असं जगता यावं ही मागणी. या मागणीला खूळ म्हणणाऱ्यांनी स्पष्ट सांगावं की त्यांना तो माणूस खटकतो, की त्याचं भीक न मागणं खटकतं.

आणि मराठी माणसाला हे प्रश्न पडतच नव्हते म्हणणाऱ्यांनी र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चे अंक चाळावेत. १९२७ पासून १९५३ पर्यंत ते मासिक चाललं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलच्याही, दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले, दंड झाला. पण वाचकाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका बाबासाहेबांनी तेव्हा घेतली. त्यांचं नाव घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी आज कोणा पोराला "आधी ठरव, मग बोल" असं सांगावं, हे मला सहन होत नाही.

चळवळीतल्या मित्रांशीही मला स्पष्ट बोलायचं आहे. समलिंगी मंडळींच्या बैठकांत बायसेक्शुअल पुरुषाकडे संशयाने पाहिलं जातं, कारण "हा शेवटी मुलगी बघून लग्न करणार." ट्रान्स कार्यकर्त्यांपैकी काहींना नॉनबायनरी माणसं अडचणीची वाटतात, कारण "आम्ही ऑपरेशनसाठी, ओळखपत्रासाठी भांडतो आणि हे म्हणतात आम्हाला कुठलीच बाजू नको. सरकार आम्हालाही गंभीरपणे घ्यायचं नाही." या भीतीमागे खऱ्या जखमा आहेत. लग्नासाठी सोडून गेलेले जोडीदार आहेत, कचेरीत हसणारे कारकून आहेत. पण ज्या समाजाने आपल्याला "नीट हो" म्हणून छळलं, त्याच समाजाचा हुकूम आपण आपल्यातल्याच कमी संख्येच्या माणसांना द्यायचा, हे न्यायाला धरून नाही. बायसेक्शुअल माणूस लग्न करतो तेव्हा त्याला त्याच्या आवडीपेक्षा घरचा रेटा जास्त कारणीभूत असतो, आणि त्या रेट्याखाली समलिंगी पुरुषांनीही पिढ्यान् पिढ्या लग्नं केली आहेत.

कायद्याने या बाबतीत काय केलं हे पाहिलं की आपल्याला किती पुढे जायचंय ते कळतं. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ च्या निकालाने संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. बायसेक्शुअल माणसाला कायद्याकडून मिळालं ते एवढंच : आता तो गुन्हेगार नाही. तो कुठल्या नोंदीत नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याने आपल्या व्याख्येत जेंडरक्वीर हा शब्द घातला, त्याच्या शेजारी जोगताही घातला. पण पुरुष किंवा स्त्री असा बदललेला दाखला हवा असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्र आणा, असंही त्याच कायद्याने म्हटलं. नालसा निकालाने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, कायद्याने पुन्हा रिपोर्ट मागितला.

जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकची गोष्ट याहून बोलकी आहे. अंजली पाटील या ट्रान्स महिलेने ग्रामपंचायतीसाठी महिलांच्या जागेवर अर्ज भरला, तो बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला, त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. आनंदाचीच गोष्ट. पण संधीसाधूपणाने पुन्हा पुरुष म्हणून अर्ज करणार नाही, यापुढे आयुष्यभर स्त्रीच, अशी त्यांची ग्वाही न्यायालयाने निकालात नोंदवून घेतली. राखीव जागांचा गैरवापर होऊ नये ही काळजी मला समजते. तरी मनात प्रश्न उरतो. जिचं उत्तर पक्कं होतं, तिच्याकडूनही जन्मभराची हमी लागली. ज्याचं खरं उत्तरच ‘दोन्हींत नाही’ असं आहे, त्याने कुठल्या वॉर्डातून उभं राहावं? डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला, आणि तेव्हाही सरकारपुढे अडचण होती ती शारीरिक निकष कोणते लावायचे याचीच. माजलगावच्या ठाण्यातून निघालेला प्रश्न पाच वर्षांनी तिथेच उभा होता.

२०११ च्या जनगणनेने ‘इतर’ हा पर्याय पहिल्यांदा दिला. देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ लोक त्यात नोंदले गेले. हिजडे, जोगते, ट्रान्स स्त्रिया, ट्रान्स पुरुष, नॉनबायनरी, सगळे एका शब्दात. तेवढ्यानेही सरकारी यंत्रणेला धाप लागली. म्हणून "रकाने वाढवले तर गोंधळ होईल" हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण मान्य करत नाही. आपल्या पंचांगाकडे बघा. बारा महिन्यांचा हिशेब चंद्र-सूर्याच्या गतीशी जुळत नाही, म्हणून अधूनमधून तेरावा महिना धरावा लागतो. त्याला आधी मलमास म्हणून हिणवलं, मग पुरुषोत्तमाचा महिना म्हणून मान दिला, आणि त्या महिन्यात आमच्याच तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला गोदाकाठी गर्दी लोटते. तो महिना ना मागच्या महिन्यात मोडतो ना पुढच्या. त्याला "कुठल्यातरी एकात जा" असं सांगितलं असतं तर सगळे सणवार हंगामाबाहेर गेले असते. जे प्रत्यक्षात आहे ते मोजणीत घेतल्याने मोजणी बिघडत नाही, सुधारते.

शेवटचा आक्षेप सर्वांत गोड आवाजात येतो आणि तो मला सर्वांत धोक्याचा वाटतो. बायसेक्शुअल मुलाला घरचे म्हणतात, "तुला मुलीही आवडतात ना? मग अडचण काय? मुलीशीच लग्न कर." नॉनबायनरी लेकराला म्हणतात, "मनात काही पण असू दे, लोकांत मुलीसारखी राहा." म्हणजे तुझ्यातला अर्धा भाग आम्हाला सोयीचा आहे, तेवढा ठेव. हे ऐकलं नाही तर पुढची पायरी डॉक्टर, बाबा किंवा उपचार केंद्र. मे २०२० मध्ये गोव्यात केरळची एक २१ वर्षांची विद्यार्थिनी मृतावस्थेत सापडली. ती बायसेक्शुअल होती. घरच्यांनी आपल्याला केंद्रात कोंडलं, औषधं दिली, हे तिने आधी एका व्हिडिओत सांगितलं होतं. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असे ‘उपचार’ थांबवायला सांगितलं आणि पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते वैद्यकीय गैरवर्तन ठरवलं. तेव्हा कोणी डॉक्टर तुमच्या मुलाची आवड बदलून देतो म्हणाला तर तो गैरवर्तन करतो आहे, हे माजलगावच्या पालकांनी निःशंक मनाने समजावं.

आणि लग्नाचं. बायसेक्शुअल माणूस बाईशी लग्न करून सुखाने आणि इमानाने नांदू शकतो, जसा दुसरा कोणीही नांदू शकतो. त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती ठरवून लपवल्याने, आणि लपवायला सांगतात ते घरचेच. "तिला काही सांगू नकोस, होईल सगळं नीट." त्या मुलीचा विचार या सल्ल्यात कुठे असतो? ती कोणाचा तरी मुलगा ‘ठरवून’ देण्यासाठी घरात आणायची, तिच्या आयुष्यावर त्याचा प्रयोग करायचा, आणि तो फसला तर माहेरी पाठवायची. ज्यांना आपल्या मुलाने लग्न करावंसं वाटतं त्यांनी आधी मुलाला विचारावं, आणि तो स्वतःहून हो म्हणाला तर बैठकीच्या आधी त्या मुलीला सगळं कळू द्यावं. तिने नकार दिला तर तो तिचा हक्क आहे. तिने होकार दिला, तर त्या दोघांत तिसऱ्याने बोलण्यासारखं काही उरत नाही.